मुलं, मोबाईल आणि आपण: पालक, शिक्षक आणि मुलं सारखे विचारतात ते प्रश्न

शाळांमध्ये, पालकसभांना, कधी गावातल्या समाजमंदिरात ऑनलाईन सुरक्षिततेवर बोलायला जाते तेव्हा साधारण हेच प्रश्न येतात. काही सगळ्यांसमोर, आणि जास्त महत्त्वाचे असतात ते कार्यक्रम संपल्यावर दाराशी थांबून हळू आवाजात विचारलेले. दोन्ही इथे घेतलेत.

मुलाला मोबाईल कितव्या वर्षी द्यावा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक घरांत तो विचारेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण स्वतःचा फोन नसला तरी आईचा फोन पोरगं दुसरीपासून वापरतच असतं. म्हणून मी वयापेक्षा अकाउंटबद्दल बोलते. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप या सगळ्यांची किमान वयाची अट 13 आहे. त्याआधी अकाउंट नकोच, यात मला काही तडजोड करावीशी वाटत नाही.

आता एक काम करा, मुलाचं किंवा मुलीचं इन्स्टा अकाउंट असेल तर सेटिंगमध्ये जाऊन जन्मतारीख बघा. सातवीतल्या मुलीच्या अकाउंटवर 1998 साल सापडतं, कारण अकाउंट उघडताना मोठ्या भावाने किंवा मैत्रिणीने काहीतरी टाकून दिलेलं असतं. यात काय मोठंसं असं वाटतं, पण त्याने होतं असं की कंपनीच्या लेखी ती पोरगी बाई आहे. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी 2025 पासून भारतात टीन अकाउंट आणलीत, त्यात 18 च्या आतल्या मुलांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी माणूस थेट मेसेज करू शकत नाही, आणि 16 च्या आतल्या मुलांना ही बंधनं सैल करायची तर पालकांची परवानगी लागते. जन्मसाल खोटं असेल तर यातलं बरंचसं लागूच होत नाही. तेव्हा आधी ते साल दुरुस्त करा, बाकीचं नंतर.

घरात एकच फोन आहे, तो पण वडिलांचा. मग काय करायचं?

बहुतेक घरांत हेच असतं आणि सल्ले मात्र सगळे वेगळा फोन असलेल्या मुलांसाठी असतात. एका फोनवर बँक, यूपीआय, गावातले पन्नास ग्रुप आणि मुलाचा अभ्यास, सगळं एकत्र. तीन गोष्टी आज रात्रीच करून टाका. गुगल पेला, फोनपेला अ‍ॅप लॉक लावा आणि तो पिन मुलाला माहीत असलेला नको. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीला दर वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करा. आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, म्हणजे ओटीपी वाचता येणार नाही.

चौथी गोष्ट मुलांना सांगायची. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, बँकेची केवायसी अशा नावाने फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतं. ते अ‍ॅप असतं, पत्रिका नसते. दाबलं, इन्स्टॉल झालं, की फोनमधले मेसेज तिकडे दिसायला लागतात आणि खातं रिकामं होतं. घरात फोन जास्त वेळ मुलांच्या हातात असतो त्यामुळे दाबणारं बोट पण बऱ्याचदा त्यांचंच असतं. त्यांना शेवटची तीन अक्षरं बघायला शिकवा, पोरं हे आपल्यापेक्षा पटकन शिकतात आणि मग आजोबांना पण सांगतात.

मुलांचे मेसेज चोरून बघावेत का? त्यासाठी अ‍ॅप मिळतात म्हणे.

लहान मुलांसाठी गुगलचं फॅमिली लिंक वापरा, ते उघड असतं, मुलाला माहीत असतं, त्याने किती वेळ कोणतं अ‍ॅप वापरलं ते दिसतं आणि नवीन अ‍ॅप टाकायला तुमची परवानगी लागते. ते चांगलंय. चोरून नजर ठेवणारी अ‍ॅप मात्र मी कधीच सुचवत नाही. एक तर ती कुठली कंपनी, आपल्या मुलीचे फोटो कुठल्या सर्व्हरवर जातायत काही पत्ता नसतो. आणि दुसरं म्हणजे नववी-दहावीच्या मुलाला हे कळतंच, आणि कळल्यावर तो मित्राच्या फोनवरून दुसरं अकाउंट काढतो जे तुम्हाला कधीच दिसणार नाही. तेव्हा काय बघणार हे त्याला सांगून बघा. प्रायमरीत जास्त, मग हळूहळू कमी.

सरळ बंदीच घातली तर?

घालून बघितलीये लोकांनी. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईल नाही. ऑस्ट्रेलियाने तर देशभर कायदाच केला, 10 डिसेंबर 2025 पासून तिथे 16 च्या आतल्यांना सोशल मीडियाचं अकाउंट ठेवता येत नाही आणि ते अडवायची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीये, पालकांवर नाही. हा जबाबदारीचा भाग मला पटतो.

पण घरातल्या घरात करण्यासारखं मला सांगलीच्या मोहित्यांचे वडगावचं जास्त आवडतं. कडेगाव तालुक्यातलं गाव. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या घरांत टीव्ही, मोबाईल बंद. सगळ्या घरांत म्हणजे मोठ्यांचे पण. मुलं अभ्यासाला बसतात. यातली खुबी अशी की पोराला एकट्याला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही, कारण आई सिरियल बघत नाहीये आणि बाबा रील्स बघत नाहीयेत. नुसतं "तू फोन ठेव" म्हणणाऱ्या घरात हे होत नाही.

एका पोराला कोणीतरी फोटोवरून धमकावतंय. काय करायचं? (हा प्रश्न कायम "एका ओळखीच्यांच्या मुलाला" असाच विचारला जातो, हरकत नाही.)

याचं उत्तर मी सविस्तर देते कारण इथे तासा-तासाला फरक पडतो.

होतं कसं ते आधी समजून घ्या. इन्स्टावर रिक्वेस्ट येते, छान मुलीचा फोटो, दोन-चार म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या ओळखीचे मित्र, पण असतात, कारण तुमच्या मुलाच्या मित्रांनी आधीच अ‍ॅक्सेप्ट केलेलं असतं. दोन दिवस गोड गप्पा. मग व्हॉट्सअ‍ॅप नंबर, मग रात्री व्हिडिओ कॉल, समोर आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालू असतो, पोराला वाटतं ती खरीच आहे आणि तिच्या सांगण्यावरून तो पण कपडे काढतो. पाच मिनिटांत त्याचं रेकॉर्डिंग त्याच्याच हातात येतं, सोबत त्याच्या फॉलोअर लिस्टचा स्क्रीनशॉट, त्यात काकांचं नाव, क्लासच्या सरांचं नाव, आणि मेसेज की 5 हजार टाक नाहीतर सगळ्यांना पाठवतो. मुलींच्या बाबतीत बऱ्याचदा समोरचा ओळखीचा असतो, कधी जुना मित्र, आणि पैशांऐवजी आणखी फोटो मागतो.

काय करायचं: पैसे द्यायचे नाहीत, एकदाही नाही. दिले की थांबतील असं वाटतं, पण दिले की त्यांना कळतं हा देणारा आहे आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट मागतात. चॅट डिलीट करायचं नाही. घाबरून मुलं पहिलं हेच करतात आणि पुरावा जातो. धमकीचे मेसेज, प्रोफाईलचं नाव आणि लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. पण मुलाचा तो उघडा फोटो पुरावा म्हणून चार नातेवाईकांना पाठवत बसू नका, तो आहे त्या फोनमध्येच राहू द्या. मग ब्लॉक करा, अ‍ॅपमध्ये रिपोर्ट करा आणि 1930 ला, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन करा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी तिथे वेगळा भाग आहे आणि नाव न देता तक्रार करायची सोय पण आहे.

फोटो पसरू नये म्हणून अजून एक गोष्ट करता येते जी फार कमी लोकांना माहितीये. अमेरिकेतल्या एनसीएमईसी या हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची टेक इट डाउन नावाची मोफत सेवा आहे, 18 च्या आत काढलेल्या फोटोंसाठी. फोटो तिकडे पाठवावा लागत नाही, तो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो ठसा वापरून फोटो ओळखतात आणि काढतात. 18 च्या वरच्यांसाठी अशीच स्टॉप एनसीआयआय आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या खाजगी चॅटमध्ये याचा उपयोग होत नाही, हे पण सांगून ठेवते. शिवाय भारतात 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे असा खाजगी फोटो असल्याची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी केली, तर कंपनीने 2 तासांच्या आत कारवाई करायची असते, फेब्रुवारी 2026 मधल्या बदलाआधी ही मुदत 24 तासांची होती. त्यामुळे अ‍ॅपमधला रिपोर्ट हा नुसता उपचार नाहीये, तो कराच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या धमकावणाऱ्याचं सगळं भांडवल एकच असतं, मुलाला घरच्यांची वाटणारी भीती. "तुझ्या पप्पांना पाठवीन" एवढ्या वाक्यावर त्याचा धंदा चालतो. पप्पांना आधीच माहीत असेल तर त्याच्या हातात काय उरतं? म्हणून मूल सांगायला आलं की पहिलं वाक्य "तुला कोणी सांगितलं होतं हे उद्योग करायला" हे असू नये. "बरं झालं सांगितलंस, आपण बघू" एवढंच म्हणा, राग आला असेल तरी. रागवायचं ते महिन्याभराने रागवा. आणि त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका, हे मी फार गांभीर्याने सांगतेय. मूल खूप खचलंय, जिवाचं काही बरं-वाईट बोलतंय असं वाटलं तर 14416 वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पोलिसात गेलो तर मुलीचं नाव होईल ना सगळीकडे.

ही भीती अगदी खरी आहे आणि त्यामुळे किती जण गप्प बसतात ते मी बघते. म्हणून कायद्यात काय आहे ते माहीत असू द्या. मुलगी किंवा मुलगा 18 च्या आत असेल तर 2012 चा पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागतो. त्यात मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा दाखवणं हाच गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि त्या वेळी पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं. आईवडील सोबत बसू शकतात. ठाण्यात कोणी "मुलीला इथे घेऊन या, सगळ्यांसमोर सांगू दे" म्हणालं तर हे सांगायचा हक्क तुम्हाला आहे. सोबत एखादी शिक्षिका, वकील किंवा मुलांसाठीच्या 1098 हेल्पलाईनचा माणूस असला तर बोलणं सोपं जातं.

आमच्या मुलीने कुठलाच फोटो पाठवला नव्हता, तरी तिचा तसला फोटो फिरतोय. हे कसं?

एआयने करतात. शाळेच्या गॅदरिंगचा साधा फोटो घ्यायचा आणि अ‍ॅपमध्ये टाकायचा, बस. नोव्हेंबर 2023 मध्ये रश्मिका मंदानाचा खोटा व्हिडिओ फिरला तेव्हा सगळ्यांना डीपफेक हा शब्द कळला, पण आता हे करायला कोणी मोठा तंत्रज्ञ लागत नाही, वर्गातलाच मुलगा करतो. फोटो खोटा असला तरी त्रास खरा आहे आणि गुन्हा पण खरा आहे, वर सांगितलेले सगळे मार्ग इथे पण तसेच लागू. मुलीला "तू फोटो टाकलासच कशाला" असं कृपा करून विचारू नका. गॅदरिंगला नाचली, फोटो काढला, यात तिचं काय चुकलं?

मी काही काढलं नव्हतं, मी फक्त फॉरवर्ड केलं. तरी माझ्यावर केस होईल का? (आठवी ते बारावीची मुलं)

होऊ शकते. ज्याने काढला तो गुन्हेगार आणि आपण नुसते पाठवणारे असं कायदा मानत नाही. 18 च्या आतल्या कोणाचा तसला फोटो किंवा व्हिडिओ असेल तर आयटी कायद्याचं कलम 67 ब लागतं, पहिल्या वेळी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पण स्पष्ट केलं की असं साहित्य डिलीट न करता, कोणाला न कळवता जवळ ठेवणं हाही पॉक्सोखाली गुन्हा होऊ शकतो. तुझं वय 18 च्या आत असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, मोठ्यांच्या तुरुंगात कोणी टाकत नाही, पण पोलीस, फोन जप्त, शाळेत चौकशी, बोर्डाच्या वर्षात हे सगळं.

पण केसचं सोड जरा. ग्रुपवर तो फोटो आला तेव्हा वर्गातल्या 40 जणांनी तो बघितला आणि ती मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात येऊन बसणार आहे. तिच्या बाजूने बोललेला एक जरी मेसेज असेल ना, "हे डिलीट कर, चुकीचंय", तर बाकीचे दहा जण गप्प होतात. आणि ग्रुपवर लिहायचं धाडस नसेल तर ज्याने टाकलं त्याला पर्सनलवर सांग, आणि एका मोठ्या माणसाला सांग.

मी ग्रुप अ‍ॅडमिन आहे. कोणी काही टाकलं तर मला धरतात का?

नुसता अ‍ॅडमिन आहेस म्हणून नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये हे सांगितलंय, मेंबरने टाकलेल्या मेसेजसाठी अ‍ॅडमिनला धरता येत नाही, दोघांचं आधीपासून ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो आणि माणूस काढता येतो. हातात आहे तर कर.

शाळेचं "कन्फेशन पेज" आहे. त्यात काय वाईट? गंमत असते.

सुरुवातीला असतेच. "नववी ब मधल्या निळ्या सॅकवालीला हाय" वगैरे. तिसऱ्या आठवड्यात तेच पेज कोणाच्या जाडीवर, कोणाच्या रंगावर, कोणाच्या आडनावावर आणि जातीवर येतं, हे मी एकाहून जास्त शाळांत बघितलंय. नाव लपलेलं असलं की लोक तोंडावर कधी बोलणार नाहीत ते लिहितात. जातीवरून लिहिलेलं तर नुसतं चिडवणं राहत नाही, त्यावर अ‍ॅट्रॉसिटीची कलमं लागू शकतात. आणि निनावी पेज निनावी नसतं, पोलिसांनी रीतसर मागितलं की ते कुठल्या नंबरवरून चालतं ते निघतं.

सरांचा, मॅडमचा चेहरा लावून मीम करणं, त्यांच्या नावाने अकाउंट काढणं यातली दुसरी गोष्ट आयटी कायद्याच्या कलम 66 क, 66 ड मध्ये येऊ शकते, म्हणजे दुसऱ्याची ओळख वापरणं आणि दुसरं कोणी असल्याचं भासवून फसवणं. शिक्षकांना पण माझं सांगणं असतं की अशा वेळी लगेच दाखला हातात द्यायची भाषा करू नका. पेज बंद करून घ्या, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्यासमोर माफी मागायला लावा, आणि पोराला बोलतं करा. कुणीतरी त्याला पण असंच चिडवलेलं असतं बऱ्याचदा.

"मुलं पळवणारी टोळी आलीये" असा मेसेज आला, खबरदारी म्हणून पाठवला तर काय बिघडतं?

माणसं मेलीत त्याने. आपल्याच राज्यात. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मुलं पळवणारे फिरतायत असे मेसेज त्या भागात आधीच पसरलेले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि जमाव गोळा झाला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. ते कोणाला पळवायला आलेले नव्हते.

त्या काळात देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक मी वर्गात मुलांना तोंडी सांगते. मोटरसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणारं मूल उचलतात आणि जातात. बघितल्यावर अंगावर काटा येतो. मूळ व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेची मुलांच्या सुरक्षिततेबद्दलची जाहिरात होती, त्यात पुढे ते मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. नुसतं शेवटची काही सेकंदं कापली आणि जाहिरातीची "बातमी" झाली. म्हणून मुलांना सांगते, व्हिडिओ खरा वाटला तरी तो कुठला, कधीचा आणि पूर्ण आहे का हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे ढकलायचा नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं आणि मेसेजवर फॉरवर्डेड लिहून यायला लागलं. आज जो दुहेरी बाण दिसतो ना, तो म्हणजे मेसेज खूप हातांतून फिरून आलाय. तो दिसला की थांबायचं.

आणि हे घरात मोठ्यांना पण सांगायला शिकवा मुलांना, आदराने. "आजोबा, हे जुनं आहे, मी शोधून बघितलं" असं नातू म्हणाला तर आजोबा ऐकतात, आपण म्हटलं तर ऐकत नाहीत.

गेममध्ये पोराने पैसे घालवले.

दोन वेगळे प्रकार आहेत. फ्री फायरचे डायमंड, बीजीएमआयचे युसी हे विकत घेणं म्हणजे गेममधली खरेदी, त्यावर प्ले स्टोअरचा पासवर्ड हा उपाय, आणि "फ्री डायमंड" वाली लिंक ही सरळ फसवणूक असते, तिथे अकाउंटचा पासवर्ड टाकला की अकाउंट गेलं. दुसरा प्रकार पैसे लावून खेळायचे गेम, रमी वगैरे. त्यावर 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणलीये. त्यामुळे आता जे अ‍ॅप "जिंका आणि काढा" म्हणतं ते बेकायदाच चालतंय, आणि तिथे अडकलेले पैसे परत मागायला जागा नसते. जाहिरात कोण करतंय यावर जाऊ नका.

एक वाक्य घरातल्या सगळ्यांनी पाठ करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितला म्हणजे पैसे जाणार आहेत.

मुलगा बारावी झालाय, घरबसल्या काम मिळालं म्हणतो. त्याच्या खात्यात पैसे येतात, तो पुढे पाठवतो आणि कमिशन घेतो.

आजच थांबवा. हे काम नाहीये, हे चोरीचे पैसे फिरवायला त्याचं खातं भाड्याने घेतलंय. याला म्यूल अकाउंट म्हणतात. टेलिग्रामवर "व्हिडिओ लाईक करा, 50 रुपये मिळवा" इथून सुरू होतं, पहिले 150 रुपये खरंच येतात, मग खातं आणि सिम मागतात. तिकडे कुठल्या तरी राज्यात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" म्हणून घाबरवून पैसे काढलेले असतात आणि ते तुमच्या मुलाच्या खात्यातून जातात. 1930 वर तक्रार झाली की खातं गोठतं आणि ज्याच्या नावाचं खातं त्याच्या दारात परराज्यातले पोलीस येतात. मुलगा म्हणेल मला माहीत नव्हतं, ते खरं पण असेल, पण वकील शोधायचा तुम्हालाच. कळलं असेल तर बँकेला लेखी कळवा, चॅट जपून ठेवा, आणि पोलीस यायच्या आधी आपणहून सायबर पोलिसांकडे जा. कॉलेजच्या दारात "सिम काढून दे, 500 देतो" म्हणणारे पण याच साखळीतले. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर बघता येतं, घरातल्या सगळ्यांचं एकदा बघून घ्या.

आम्ही पालक काय चुकतो?

विचारताय म्हणून सांगते. दहावीचा निकाल लागला की संध्याकाळी प्रत्येकाच्या स्टेटसला गुणपत्रिका असते. त्यावर मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, आणि बोर्डाच्या साईटवर निकाल बघायला लागतं ते नेमकं हेच, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. कौतुक करा हो, जरूर करा, पण पेढा भरवतानाचा फोटो टाका, गुणपत्रिका नको. शाळेच्या पहिल्या दिवशीचा गणवेशातला फोटो, त्यात आयडी कार्ड, मागे स्कूल व्हॅनचा नंबर, आणि खाली लोकेशन. कुठला मुलगा कुठल्या शाळेत किती वाजता जातो हे आपणच सांगतो.

आणि मुलाला न विचारता त्याचा रडतानाचा, अंघोळीचा, ओरडा खातानाचा व्हिडिओ टाकू नका. लहान आहे, त्याला काय कळतंय असं नाही. आपला फोटो टाकायच्या आधी आपल्याला विचारतात हे त्याने घरात अनुभवलं असेल तरच तो उद्या दुसऱ्याला विचारेल.

एआयकडून गृहपाठ करून घेतात. चालेल का?

समजून घ्यायला विचारलं तर चालेल, निबंध उतरवून काढला तर नाही. मुलं मला सरळ सांगतात की उतरवलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. शिक्षकांना एक सोपा उपाय सुचवते: निबंध आणला की त्यातल्या एका परिच्छेदावर उभं राहून दोन मिनिटं बोलायला सांगा. आणि मुलांना हे सांगा की एआयच्या त्या चॅटच्या खिडकीत घरचा पत्ता, घरातली भांडणं, मैत्रिणीचं नाव आणि फोटो टाकायचे नसतात. तो मित्र नाहीये, कंपनी आहे.

शाळेने काय करावं?

वर्षातून एकदा सायबर पोलिसांचं भाषण ठेवलं, फोटो काढला, झालं, यावर थांबू नये. वर्गशिक्षकाने महिन्यातून एक तास याला द्यावा आणि त्या तासात मुलांना बोलू द्यावं. तक्रारपेटी असते तिची किल्ली कोणाकडे आहे ते बघा, आणि ती अशा ठिकाणी लावा जिथे चिठ्ठी टाकताना स्टाफरूममधून दिसत नाही. शाळेला लैंगिक छळाची गोष्ट कळली तर पॉक्सोप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे, "शाळेचं नाव खराब होईल" म्हणून घरच्यांना गप्प करणं हा गुन्हा आहे. हे मुख्याध्यापकांना पण माहीत नसतं कधी कधी.

नंबर एका ठिकाणी लिहून द्या ना.

पैसे गेले किंवा ऑनलाईन गुन्हा झाला: 1930, आणि पैशांच्या बाबतीत लगेच, पहिल्या तासाभरात, कारण पैसे पुढे सरकायच्या आधी थांबवता येतात. मुलांसाठी: 1098. जिवाला धोका: 112. मन खचलंय: 14416. वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावा, फोनमध्ये सेव्ह करून उपयोग नाही, फोनच गेलेला असतो.

माझ्या मैत्रिणीला कोणीतरी त्रास देतंय आणि तिने कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीये. मी काय करू?

तिने तुला सांगितलं म्हणजे तिला मदत हवीये, फक्त घरी कळायची भीती वाटतेय. तिला म्हण, "मी तुझ्यासोबत येते, आपण दोघी मिळून एकाच माणसाला सांगू." ते माणूस तिला निवडू दे. आई नको वाटत असेल तर मावशी, आत्या, मोठी ताई, शाळेतल्या एखाद्या बाई. सांगताना शब्द सुचत नसतील तर कागदावर लिहून द्या. कोणीच सापडत नसेल तर 1098 ला तू स्वतः फोन करू शकतेस, तिथे मैत्रिणीसाठी फोन केला तरी ऐकतात. आणि ती जगावंसं वाटत नाही असं काही बोलली, एकदा जरी, तर शपथ मोडायची. त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, मोठ्या माणसाला सांगायचं आणि ते येईपर्यंत तिच्यासोबत थांबायचं.